माग्नहिल्डबाईंचं गिऱ्हाईक

नॉर्वेच्या राष्ट्रदिनी, सतरा मेच्या सकाळी सव्वाआठला तुरिद कामाच्या खोलीत परत आली, तेव्हा तिच्या साहेबीणबाईंचा सणाचा पोशाख, बुनाड, टेबलावर दोन तुकड्यांत पडला होता.

लाल बंडी दोन्ही कुशींना उसवून पुस्तकासारखी उघडी पसरली होती. काळा घागरा तिच्यापासून सुटा होऊन, छान घडी घालून बाजूला ठेवलेला होता. सुटलेले धागे एका बशीत गोळा केले होते. आणि खिडकीपाशी उन्हात शहाऐंशी वर्षांच्या माग्नहिल्डबाई शिवण उसवायची छोटी आकडी एप्रनला पुसत बसल्या होत्या.

"झालं बघ," त्या समाधानानं म्हणाल्या. "गिऱ्हाईक कधी यायचंय?"

"गुरुवारी," तुरिद म्हणाली. गेले आठ महिने या प्रश्नाला ती हेच उत्तर देत आली होती, त्यामुळे ते आपोआप तोंडातून गेलं. मग समोर काय आहे ते तिला दिसलं.

फियॉर्डच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या खाडीच्या, काठावरच्या त्या वृद्धाश्रमात स्मृतिभ्रंश झालेली अठरा माणसं राहत. त्यांच्या हातांना काहीतरी काम द्यायचं, ही तुरिदची नोकरी. माग्नहिल्डबाई गेल्या शरदात आल्या तेव्हा तिनं त्यांना आधी रंगवायला चित्रं दिली. "मी काय पाच वर्षांची आहे?" म्हणून बाईंनी खडू परत केले. मग चेंडू दिला. तो त्यांनी खिडकीबाहेर टाकला. बटणं आणि चेन शिवलेली एक उशी असते, तिच्याशी म्हातारी माणसं चाळा करत बसतात. ती उशी बाईंनी उलटसुलट केली आणि विचारलं, "हे कोण घालणार?" दिवसभर त्या एकेका दाराची कडी खडखडावत फिरायच्या. कोणी अडवलं की हात उगारायच्या.

बाईंनी आयुष्यातली चाळीस वर्षं बुनाड शिवण्यात घालवली होती. तो सणावाराचा, लग्नाकार्याचा पोशाख खोऱ्यातल्या अर्ध्या बायकांच्या अंगावर त्यांच्या हातचा होता. हे कळल्यावर तुरिदनं देणगीच्या दुकानातून जुने कोट आणले, ती आकडी आणली आणि म्हणाली, "एवढे उसवून द्याल का?" त्या दिवसापासून बाई उठल्यापासून तीनपर्यंत कामावर. जेवण व्यवस्थित, झोप व्यवस्थित, दाराच्या कड्या शांत.

ग्रेटेला मात्र ते पसंत नव्हतं. ग्रेटे म्हणजे विभागाची प्रमुख. वाईट बाई नव्हती, पण तिच्याकडे प्रत्येक गोष्टीचा तक्ता असे, आणि त्या आकडीसाठी तिनं धोक्याचा तक्ता उघडला होता. माग्नहिल्डबाईंची स्वतःची शिवणाची पेटी तर तिनं पहिल्याच दिवशी औषधांच्या खोलीत कुलूपबंद केली होती. आता आकडीचंही काय करायचं ते येत्या सोमवारी ठरणार होतं. "तुरिद, एक दिवस काहीतरी होईल बघ," ती म्हणायची.

ते आज झालं होतं. आणि झालं होतं ते ग्रेटेच्याच बुनाडाचं.

सकाळी सातला ग्रेटे कपड्यांची पिशवी घेऊन आली होती. "तुझ्या कपाटात ठेव गं. माझ्या ऑफिसात केक आहेत, क्रीम लागलं म्हणजे संपलं. मी घरी जाऊन झेंडा लावून साडेदहाला येते, इथेच कपडे बदलते. मिरवणूक अकराला दारात." तुरिदनं पिशवी खुर्चीवर ठेवली, कारण कपाटाची किल्ली कोटात होती आणि कोट खाली. तेवढ्यात ओडवारकाकांचा आवाज आला. त्यांचा नेकटाय सापडत नव्हता, आणि सतरा मेला नेकटायशिवाय ते नाश्त्याला बसणार नव्हते. नेकटाय शेवटी त्यांच्या गळ्यातच सापडला, स्वेटरच्या आत. या सगळ्यात, नाश्ता धरून, सव्वा तास गेला.

कामाच्या टेबलाशेजारच्या खुर्चीवर पिशवी. पिशवीत कपडा. मग माग्नहिल्डबाईंनी दुसरं काय करायचं होतं?

"टेस्फाय!" तुरिदनं दारातून हाक मारली.

टेस्फाय आज पाळीवरचा परिचारक. इरिट्रियाहून येऊन त्याला पंधरा वर्षं झाली होती, आणि गावातल्या कुणाहीपेक्षा तो नियम जास्त काटेकोरपणे पाळायचा. त्यानं टेबलाकडे पाहिलं, तुरिदकडे पाहिलं आणि डोक्यावरची सणाची टोपी हळूच काढली.

"ग्रेटेबाईंचा?"

"हो."

"त्यांच्या मावशीनं पंधराव्या वर्षी दिलेला? ज्याची गोष्ट त्या दरवर्षी सांगतात?"

"टेस्फाय, मला धीर दे, नाहीतर जा."

"फोन करून सांगून टाकूया का?"

तुरिदनं विचार केला. सांगितलं की आकडी गेली. आकडी गेली की सोमवारपासून माग्नहिल्डबाई पुन्हा दारांच्या कड्या खडखडावत फिरणार, आणि मग त्यांना शांत ठेवायच्या गोळ्या सुरू होणार. आपली नोकरी जाईल ती वेगळीच. पण तिच्या डोळ्यांसमोर नोकरी आली नाही, ती बटणांची उशी आली.

"सव्वादोन तास आहेत," ती म्हणाली. "ज्यांनी उसवलं त्याच शिवतील."

हे बोलायला सोपं होतं. तिनं बंडी उचलून अलगद माग्नहिल्डबाईंच्या मांडीवर ठेवली. "बाई, हे जरा जोडून द्याल?"

बाईंनी उसवलेल्या कडेवरून बोट फिरवलं आणि त्यांची मुद्रा बदलली. "अरे देवा! हे कोणी केलं?"

तुरिदनं धाग्यांची बशी हळूच मागे सरकवली.

"कसाई होता की काय? चांगल्या शिवणकामाची अशी दशा? कोण होतं ते सांग मला."

"ते... आता ती इथे नाही."

"बरं झालं हाकललंत." बाईंनी चष्मा वर सरकवला. "गुरुवारपर्यंत होईल."

"गुरुवारी नाही. आज हवंय. साडेदहाला."

"आज?" बाईंनी बंडी टेबलावर ठेवली आणि हात बांधले. "मी असली कामं घेत नाही. सतरा मेच्या तोंडावर सगळ्यांना जाग येते. जानेवारीत का नाही आलं तुमचं गिऱ्हाईक?"

भिंतीवरच्या घड्याळात आठ पंचवीस झाले होते. हात जोडून भागणार नव्हतं, रडून तर नाहीच. माग्नहिल्डबाईंसमोर रडणाऱ्या नवऱ्या मुली चाळीस वर्षांत शेकड्यांनी येऊन गेल्या असतील. मग तिला काय सुचलं कोण जाणे, तिनं मान खाली घातली आणि म्हणाली, "बाई, चूक माझी आहे. तारीख मीच लिहायला विसरले."

बाईंनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आस्लाउग?"

"हो," तुरिद म्हणाली. बाईंच्या दुकानातली जुनी मदतनीस असावी ती.

"तरी वाटलंच मला. तुझं लक्षच नसतं कामात. बस खाली. सुया ओवायला घे." मग त्यांनी टोपलीतलं धाग्याचं रीळ उचललं, दोन बोटांत धागा ताणला, तो तुटला. "हा धागा आहे? यानं वाफाळलेले सॉसेजसुद्धा बांधता यायचे नाहीत. माझी पेटी आण."

पेटी औषधांच्या खोलीत. किल्ली टेस्फायच्या कमरेला. टेस्फायनं किल्लीवर हात ठेवला.

"तुरिदताई, त्या पेटीवर ग्रेटेबाईंच्या सहीची चिठ्ठी आहे. आत सुया आहेत, मोठी कात्री आहे."

"माहितीये मला."

"काढली तर वहीत लिहावं लागेल."

"मग लिही की!"

"कशाखाली लिहू?"

"औषधाखाली लिही. गरजेनुसार."

टेस्फायनं ते मनात तपासून पाहिलं. पण तो नियमाचा शब्दन् शब्द बघणारा माणूस होता आणि या वाक्यात त्याला खोट सापडेना. औषधांच्या वहीत त्यानं सुवाच्य अक्षरात लिहिलं: माग्नहिल्डबाई, सुया सात, मेणाची वडी एक, लिननचा धागा एक रीळ, कात्री एक. गरजेनुसार. वेळ आठ पस्तीस. खाली सही केली.

पेटी उघडली आणि तुरिदनं आठ महिन्यांत पाहिली नव्हती अशी गोष्ट पाहिली. माग्नहिल्डबाईंचे हात विचारात पडलेच नाहीत. एका हातानं धागा मेणावरून ओढला, बोटावर अंगुस्तान चढवलं, कड कडेला लावली, आणि पहिला टाका पडला. मग दुसरा. खडूनं आखल्यासारखे, तांदळाच्या दाण्याएवढे. तुरिद सुया ओवून देत होती आणि बोलणी खात होती.

"एवढा लांब धागा? आळशी मुलीचा धागा लांब."

"हो बाई."

"आणि श्वास सोडू नकोस माझ्या मानेवर."

तुरिदनं श्वास धरला. नऊ वाजले. डावी कूस अर्धी झाली. बाई मधेच थांबल्या, बंडी उन्हाकडे धरून आडवी-उभी पाहिली आणि म्हणाल्या, "गिऱ्हाईकाला बोलाव. मापाशिवाय कमर जोडता यायची नाही."

"ती साडेदहाला येणार आहे. माझ्यावर मापा ना."

"तुझ्यावर?" बाई हसल्या. "तू काठी आहेस. ही बाई तशी नाही."

"तुम्ही तिला पाहिलंय?"

"कापड बघ ना गं. हा आकडा कसा ताणलाय. इथे, बघ, सुतं विरलीत. बिचारी तीन-चार वर्षं यात पोट आत ओढून उभी आहे." त्यांनी शिवणीच्या आत दुमडलेली पट्टी उलगडून दाखवली. "आणि हे काय? दोन्हीकडे बोटभर कापड शिल्लक ठेवलंय. ज्यानं शिवलं त्याला अक्कल होती. बुनाड मिळतो पंधराव्या वर्षी, आणि पंधराची पोर काही पंधराची राहत नाही. हे सोडायचं असतं."

त्या गावात बायका म्हणतात की बुनाड कपाटात राहून आटतो, आणि दुसऱ्या बायका मान डोलावतात. ग्रेटेचा किती आटलाय, यावर कुणी अवाक्षर काढायचं नाही. तुरिदची पाचावर धारण बसली.

"बाई, नको. होतं तसंच राहू द्या."

"आस्लाउग, दुकान तुझं की माझं?"

डाव्या कुशीला घातलेले टाके बाईंनी चारदा कचाकच कापले आणि बोटभर सोडून पुन्हा सुरुवात केली. नऊ वाजून दहा मिनिटं.

खरं संकट साडेनऊला यायचं होतं, आणि ते चाकांवर यायचं होतं. साडेनऊला कॉफीची गाडी निघते. तिची घंटी वाजली की माग्नहिल्डबाई हातातलं ठेवतात, कॉफी पितात, केक खातात, आणि परत वळून बघतात तेव्हा मधलं सगळं पुसलेलं असतं. समोर शिवलेला कपडा दिसला की त्यांचा हात आकडीकडे जातो. आठ महिन्यांची सवय ती. आणि ती तुरिदनंच लावलेली होती.

तिनं आकडी खिशात घातली. पण पेटीत कात्री होती, आणि कात्रीशिवाय शिवणं अशक्य.

"टेस्फाय, आज कॉफी नको."

"कुणालाच?"

"घंटी वाजता कामा नये. अकराला सगळ्यांना केकबरोबर दे."

टेस्फायनं छातीवर क्रॉस काढला. अठरा नॉर्वेजियन म्हाताऱ्यांना सणाच्या सकाळी कॉफी नाही म्हणून सांगणं, हे काम त्यानं आयुष्यात पत्करलं नव्हतं. तो गेला आणि पाच मिनिटांत बाहेर कालवा सुरू झाला. आधी टेबलावर कपांची टकटक. मग एक बारीक आवाज, "युद्धातसुद्धा कॉफी मिळायची!" मग दुसरा, "युद्धात नव्हती मिळत, खोटं बोलू नकोस." आणि शेवटी ओडवारकाका नेकटाय सावरत कामाच्या खोलीच्या दारात उभे राहिले. ते पस्तीस वर्षं फेरीबोटीवर होते. गाड्या बोटीत चढवायच्या, उतरवायच्या, वेळेवर सुटायचं.

"इथला जबाबदार माणूस कोण आहे?" त्यांनी गरजून विचारलं.

माग्नहिल्डबाईंची सुई थांबली. त्यांनी मान वर केली. त्यांच्या नजरेतून काहीतरी निसटायला लागलेलं तुरिदला दिसलं.

ती उडी मारून दारात आली, काकांचा दंड धरून त्यांना बाहेर नेलं आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाली, "काका, तुमचीच वाट पाहत होते. पुढचं दार सांभाळायला माणूस नाही. अकराच्या आधी कुणालाही चढू द्यायचं नाही."

ओडवारकाका एकदम दोन इंच उंच झाले. "गाड्या की पायी प्रवासी?"

"कुणीच नाही."

"हवामान?"

"चांगलं आहे."

"मग वेळेवर सुटू," काका म्हणाले आणि निघाले. कॉफीचं नावही निघालं नाही.

तुरिद परत आली तेव्हा बाई कात्री हातात घेऊन बंडीकडे बघत होत्या. कात्रीची पाती उघडी होती.

"बाई!"

"हे कुणाचं आहे गं?"

"गिऱ्हाईकाचं. तुम्ही उजवी कूस घालत होतात. हा बघा धागा, अजून सुईत आहे." तिनं सुई त्यांच्या बोटांत दिली. बोटांनी ती ओळखली. कात्री खाली गेली. तुरिद त्यानंतर त्यांच्या शेजारून हलली नाही. थांबू द्यायचं नाही म्हणून ती एकामागून एक मूर्ख प्रश्न विचारत राहिली. चुण्या कुठून धरायच्या, आकडे कोणत्या बाजूला, टाका उलटा का घालायचा. प्रत्येक प्रश्नाला बाई चिडत होत्या आणि प्रत्येक चिडण्याबरोबर चार टाके पुढे पडत होते. पावणेदहाला दोन्ही कुशी झाल्या. कमर वाढली तसा घागरा अपुरा पडेल असं तुरिदला वाटलं, पण बाईंनी मागच्या दोन चुण्या केसाएवढ्या सैल केल्या आणि तो बरोबर बसला.

दहा वाजून दहा मिनिटांनी बाहेर गाडी थांबली. तुरिदनं खिडकीतून पाहिलं. ग्रेटे. वीस मिनिटं आधी. आणि कमरेचं अजून वीतभर जोडायचं होतं.

उघड्या खिडकीतून खालचं सगळं ऐकू येत होतं.

"राष्ट्रदिनाचं अभिनंदन, ओडवार! सरका बघू जरा."

"अभिनंदन मॅडम. बोट भरली आहे."

"अहो, मी ग्रेटे. इथली प्रमुख."

"असेल. मागच्या फेरीलाही एक बाई हेच म्हणाल्या."

"ओडवार, मला कपडे बदलायचेत!"

"बोटीत कपडे बदलायची सोय नाही. पुढची फेरी अकराला. रेषेच्या मागे उभ्या राहा, मॅडम, लहान मुलंही तुमच्याकडे बघून शिकतात."

ग्रेटे मागे सरली, हे तुरिदनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. तीस वर्षं ती त्याच बोटीनं कामाला गेली होती, आणि त्या आवाजापुढे रेषा ओलांडायची तिच्या पायांना सवयच नव्हती. दोन मिनिटं ती तशीच उभी राहिली. मग तिला स्वयंपाकघराचं मागचं दार आठवलं, आणि तिची पावलं रेतीवरून कर्रकर्र वाजत इमारतीच्या कोपऱ्यामागे गेली.

"बाई, किती राहिलं?"

"घाई करशील तर उद्यापर्यंत."

दूरवर बँडचा ढोल ऐकू आला. स्वयंपाकघराचं दार वाजलं. जिन्यावर टाचा. "टेस्फाय! सगळ्यांना कॉफी का नाही दिलेली?" टेस्फायचं लांबलचक, प्रामाणिक, काहीच न सांगणारं उत्तर. टाचा आणखी जवळ. माग्नहिल्डबाई शेवटची गाठ मारत होत्या. त्यांनी वाकून धागा दातांनी तोडला, आणि त्याच क्षणी दार उघडलं.

ग्रेटेनं पाहिलं ते असं. तिच्या मावशीचा बुनाड माग्नहिल्डबाईंच्या मांडीवर. त्यांच्या उजव्या हाताशी दहा इंची कात्री. टेबलाच्या कडेला ओळीनं टोचलेल्या सात सुया. बशीत जुने धागे. आणि शेजारी तुरिद, भिंतीसारखी पांढरी.

ढोल वाजत होता. ग्रेटेचं तोंड उघडलं. तुरिदनंही उघडलं, कारण सांगायचं तर पहिल्यांदा आपणच सांगावं असं तिला वाटलं. पण दोघींच्याही आधी तिसरीच बोलली.

"उशीर केलात," माग्नहिल्डबाई म्हणाल्या. "कोट काढा आणि इथे उजेडात उभ्या राहा."

"मी..."

"हात वर."

ग्रेटेनं हात वर केले. का केले ते तिला नंतरही सांगता आलं नाही. कदाचित पंधराव्या वर्षी असंच कुणीतरी तिला उजेडात उभं केलं असेल. बाईंनी बुनाड तिच्या डोक्यावरून अंगात घातला, पाठ सारखी केली, कमरेवरून तळवा फिरवला. मग एकेक आकडा अडकवला. खालून पहिला. दुसरा. तिसऱ्याला ग्रेटेनं नेहमीसारखं पोट आत ओढून डोळे मिटले. तिसराही लागला. चौथाही. शेवटचा लागला तेव्हा ती तशीच उभी होती, श्वास कोंडून.

"सोडा आता," बाई म्हणाल्या.

ग्रेटेनं श्वास सोडला. काही फाटलं नाही, काही उडालं नाही. तिनं एक श्वास घेतला. मग आणखी एक, जरा खोल. तिनं आरशात पाहिलं, बाजूनं पाहिलं, कमरेच्या शिवणीवरून बोट नेलं आणि बोट तिथेच थांबलं. मग तिनं बशीतल्या धाग्यांकडे पाहिलं, तुरिदकडे पाहिलं, आणि एक शब्द न बोलता बाहेर गेली.

त्या न बोलण्यानं तुरिदचं उरलंसुरलं अवसान गळालं. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं.

अकराला ओडवारकाकांनी दार उघडलं आणि मिरवणूक अंगणात आली. मुलं, झेंडे, बँड, आइस्क्रीमनं माखलेले हात. ग्रेटे पायरीवर उभी राहिली. गेली तीन वर्षं तिचं भाषण दोन मिनिटांत संपायचं आणि राष्ट्रगीताला ती फक्त ओठ हलवायची. आज ती आठ मिनिटं बोलली. राष्ट्रगीताची तिन्ही कडवी तिनं खणखणीत म्हटली, इतकी की बँडवाला वळून बघायला लागला. तुरिद मागे चाकाच्या खुर्च्यांपाशी उभी राहून मनातल्या मनात राजीनामा लिहीत होती.

केकच्या टेबलाशी नगराध्यक्षा आल्या. त्याही बुनाडात होत्या, आणि खुर्चीवर बसता का म्हणून विचारलं तर उभंच बरं म्हणत होत्या. ग्रेटे त्यांना कॉफी देत होती, तेवढ्यात माग्नहिल्डबाईंनी टेबलापलीकडून ठणठणीत आवाजात विचारलं, "कमरेला कसं वाटतंय? दोन्हीकडून बोटभर सोडलंय!"

टेबलाभोवतीच्या सगळ्या माना वळल्या. ग्रेटे कानापर्यंत लाल झाली. तिचा हात कॉफीच्या किटलीवर तसाच राहिला. तुरिदनं डोळे मिटून घेतले.

नगराध्यक्षांनी कप खाली ठेवला. त्या माग्नहिल्डबाईंच्या कानाशी वाकल्या आणि कुजबुजल्या, "मोकळ्या असता का हो पुढच्या आठवड्यात?"

"नाही," बाई म्हणाल्या. "नाताळापर्यंत रांग आहे."

"एकच आहे. माझाच."

"सगळ्यांचा एकच असतो."

नगराध्यक्षा वळल्या आणि ग्रेटेला हळूच म्हणाल्या, "तुमच्या ओळखीनं काही होतं का बघा ना."

दुसऱ्या दिवशी सकाळी तुरिद खिशात राजीनामा घेऊन आली. कामाच्या खोलीत दिवा लागलेला होता. आत माग्नहिल्डबाई पेटी उघडून बसल्या होत्या आणि त्यांच्यासमोर ग्रेटे धोक्याचा तक्ता, पेन घेऊन उभी होती.

"ये," ग्रेटे तुरिदला म्हणाली. आवाजात राग नव्हता, पण तो कामाचा आवाज होता. "वहीत टेस्फायनं लिहिलंय ते मी वाचलं. मला हे स्वतः पाहून भरावं लागेल. सुई कुठे ठेवतात, कात्री कोण मोजतं, लक्ष कोण देतं. एक तास बसून पाहते, मग ठरवू."

"बसा ना," तुरिद म्हणाली. तिचा हात खिशातल्या कागदावर होता.

ग्रेटे बुटक्या स्टुलावर बसली आणि तिनं पेनाचं टोपण काढलं. माग्नहिल्डबाईंनी चष्म्यावरून तिला न्याहाळलं, पुढे वाकून पेन काढून घेतलं आणि त्या जागी एका जुन्या कोटाची बाही दिली.

"नवीन का तू?"

ग्रेटेनं तुरिदकडे पाहिलं. तुरिदनं खिडकीबाहेर पाहिलं.

"हो," ग्रेटे शेवटी म्हणाली.

"आधी काय करत होतीस?"

"माणसं सांभाळत होते. बावीस कर्मचारी आहेत माझ्या हाताखाली."

"हं," माग्नहिल्डबाई म्हणाल्या आणि तिचे दोन्ही तळवे उलटे करून पाहिले. "म्हणजे हाताला काहीच येत नाही. हरकत नाही, शिकशील. धागा लांब घेऊ नकोस."